अंगरचना

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे चार भेद सांगितले आहेत. पुस्त, अलंकार व संजीव हे त्यांपैकी तीन, उरलेला अंगरचना. नटाच्या मुखावर व अंगावर रंग चढवून त्याचे मूळचे रूप झाकावयाचे आणि पात्राचे रूप उभे करावयाचे, हा अंगरचनेचा विषय होय. हल्ली शहरांतील प्रसाधनगृहांतून 'काँटूर' या नावाने जी विद्या शिकविली जाते ती पाहिली म्हणजे या जुन्या शब्दाची आठवण होते. गालाचे हाड उंच दिसावे, नाक सरळ दिसावे, गळ्याखालची हाडे उठून दिसावीत, दंड व पोटऱ्या सडपातळ भासाव्यात, म्हणून कातडीवर एक गडद व एक उजळ असे दोन रंग घासावयाचे, असा हा प्रकार आहे. आमच्या कित्येक वडीलधाऱ्या भगिनी त्याकडे पाहून नाक मुरडतात. मुरडोत बापड्या, परंतु ही विद्या मूळची काय आहे आणि आपल्या महाराष्ट्रात तिचे खरे जाणकार कोण होऊन गेले, हे एकदा पाहून घेण्यासारखे आहे.

तिचे तत्त्व साधे आहे. सूर्य डोक्यावर असतो, म्हणून प्रकाश वरून पडतो. जो भाग उंच तो उजळतो, जो खोल अथवा खालच्या बाजूस वळलेला तो काळवंडतो. जन्मापासून डोळ्यांस हीच सवय असल्यामुळे उजळ दिसले की मन तेथे उंचवटा कल्पिते आणि गडद दिसले की खळगा कल्पिते. अजिंठ्याच्या चित्रकारांस हे पक्के ठाऊक होते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या नाकावर पांढऱ्या रंगाचा जो उजाळा दिला आहे, त्यावाचून ते नाक भिंतीतून असे पुढे आले नसते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात छायेच्या या कामाला 'वर्तना' म्हटले असून पत्रजा, आहैरिका व बिंदुजा असे तिचे तीन प्रकार दिले आहेत. निसर्गाने हाच न्याय उलट लावला आहे. ॲबट थेयर नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली दाखवून दिले की, पुष्कळ प्राणी पाठीवर गडद व पोटाशी फिके असतात ते याचसाठी, की वरून पडलेला उजेड आणि पोटाखालची सावली यांची वजाबाकी होऊन त्यांचा आकारच नाहीसा व्हावा. रानातला ससा दहा पावलांवर बसलेला असूनही दिसत नाही, त्याचे एक कारण हे. ससा आपली गोलाई पुसून टाकतो. प्रसाधन करणारी ती काढून दाखविते. हिशेब एकच.

आता मराठी रंगभूमीकडे वळू. स्त्रियांनी नाटकात काम करू नये असा दंडक असल्यामुळे आमच्या संगीत नाटकमंडळ्यांवर एक विलक्षण जबाबदारी येऊन पडली होती. मिसरूड फुटलेल्या पुरुषाच्या देहातून रात्री नऊ ते पहाटेपर्यंत रुक्मिणी उभी करावयाची, आणि तीही अशी की समोर बसलेल्या घरंदाज बायकांनी तिचे लुगडे नेसणे पाहून घरी जाऊन तसे नेसून पाहावे! नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांनी हे करून दाखविले. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटकमंडळीत आले. १९११ च्या 'मानापमाना'तील भामिनी, १९१६ च्या 'स्वयंवरा'तील रुक्मिणी आणि १९१९ च्या 'एकच प्याल्या'तील सिंधू या त्यांच्या भूमिकांनी एका पिढीच्या मनातील स्त्रीरूपाचा आदर्श ठरविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांच्या गळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रंगपटातल्या आरशासमोर चालणाऱ्या कामाविषयी मानाने फारच थोडे.

ते काम कसे चाले याची कल्पना थोडी विस्ताराने दिली पाहिजे. पुरुषाचा जबडा कानाखाली कोनदार असतो; तेथे गडद छटा देऊन तो कोन मागे सारावयाचा, म्हणजे चेहरा हनुवटीकडे निमुळता होत गेल्यासारखा दिसतो. भुवयांच्या वरचे हाड पुरुषात पुढे आलेले असते. त्यावर सावली आणि कपाळाच्या मध्यावर उजाळा, म्हणजे कपाळ गोलसर होते. भुवयांचे जाड केस रंगाखाली दडपून त्यांवर काजळाची बारीक कमान रेखावयाची. कंठमण्याचे काय करावयाचे? रंगाने तो थोडा लपतो, उरलेला चिंचपेटी आणि ठुशी लपवितात. रुंद खांद्यांवरून पदर घेतला की अर्धी लांबी झाकली जाते. नऊवारीचा घोळ आणि कमरेवरचा पट्टा हे कटीची रेषा आखून देतात. तात्पर्य, रंग, दागिना आणि वस्त्र ही तिन्ही मिळून एक शिल्प घडवीत. हातांना मात्र रंग लावण्यास विसरून चालत नसे, कारण गोऱ्या मुखाखाली निबर सावळे मनगट दिसले की सगळी माया क्षणात उडावयाची.

यात आणखी एक मेख होती. किटसनच्या बत्त्या असोत वा पुढे आलेले विजेचे दिवे असोत, रंगमंचाच्या काठाशी मांडलेल्या दिव्यांचा उजेड नटाच्या तोंडावर खालून येतो. म्हणजे सूर्याचा सगळा क्रम उलटा झाला! हनुवटीचा तळ उजळतो, नाकाची सावली कपाळाकडे चढते, आणि सुंदर माणूस भयाण दिसू लागतो. म्हणून रंगभूषाकाराला हनुवटीखाली मुद्दाम अंधार घालून निसर्गाचा क्रम परत बसवावा लागे. आरशात जे भडक व ओबडधोबड वाटते तेच विसाव्या रांगेतून स्वाभाविक वाटते. म्हणून जाणता नट आपला रंग आरशापेक्षा दूर उभ्या असलेल्या माणसाकडून तपासून घेई.

चित्रपटाने या विद्येची खरी परीक्षा घेतली. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त (१९१३) तारामतीचे काम अण्णा साळुंके या उपाहारगृहातील आचाऱ्याने केले, हे प्रसिद्धच आहे. पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच गृहस्थांकडे आल्या, आणि सीतामाईच्या दंडावरील पीळ पडद्यावर दिसत असल्याची गमतीदार आठवण चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदविली आहे. कॅमेरा पहिल्या रांगेच्याही पुढे येऊन उभा राहतो. शिवाय त्या काळची फिल्म लाल रंगास जवळजवळ आंधळी होती. ओठांस लावलेली लाली पडद्यावर काळी उमटे. मॅक्स फॅक्टर या पोलंडातून अमेरिकेत गेलेल्या केशटोप करणाऱ्याने १९१४ साली चित्रपटासाठी पातळ व मऊ असा वेगळा रंग काढला, तो याच अडचणींतून. रंगभूमीवरचा तेलकट कांडीचा रंग, जो बर्लिनच्या लुडविग लाइश्नर या गायकाने १८७३ पासून बाजारात आणला होता, तो कॅमेऱ्यापुढे जाड व तडकलेला दिसे. बालगंधर्वांनी 'धर्मात्मा'त (१९३५) एकनाथांची भूमिका केली तेव्हा ते पुरुषवेषातच होते. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त मात्र त्यांनी स्त्रीवेष पडद्यावर आणला, आणि जी माया नाट्यगृहात पंचवीस वर्षे अभंग राहिली ती तेथे टिकली नाही. वय पन्नाशीला टेकले होते हे खरेच. पण अंतर नाहीसे झाले हे मोठे कारण, असे मला वाटते. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात, विक्रम गायकवाड यांनी सुबोध भावे यांच्या चेहऱ्यावर तीच किमया कॅमेऱ्याच्या अगदी निकट साधली व त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. पडद्यावरचा तो चेहरा लक्षपूर्वक पाहावा. कोठे रंग संपतो आणि कोठे माणूस सुरू होतो हे सांगता येत नाही.

या वैभवामागे एक काळी बाजू आहे, आणि घरोघरच्या स्त्रियांनी ती नीट समजून घेतली पाहिजे. लळितांत, तमाशांत आणि गावोगावच्या हौशी नाटकांत तोंड रंगविण्यास सफेदा व मुरदाडशिंग वापरण्याची चाल होती. मुरदाडशिंग म्हणजे शिशाची भस्मासारखी पूड. जुना सफेदाही पुष्कळदा शिशाचाच असे. शेंदूर हेही मूळचे शिसेच, आणि हिंगुळात पारा असतो. शिसे अंगात साठत जाते. पोटशूळ, पांडुरोग, हातापायांची ताकद जाणे, आणि लहान मुलांत बुद्धीची वाढ खुंटणे हे त्याचे परिणाम. आपल्या देशाच्या कायद्याने प्रसाधनांतील शिसे आणि पारा यांवर बंधने घातलेली आहेत, परंतु उघड्यावर तोलून विकल्या जाणाऱ्या रंगाच्या पुडीला कायदा माहीत नसतो. तेव्हा ज्यावर करणाऱ्याचे नाव, परवाना व घटक छापलेले नाहीत असा रंग, तो कितीही स्वस्त असो, तोंडास लावू नये. हळदीवर क्षाराची क्रिया करून केलेले घरचे कुंकू त्या मानाने निर्धोक. बाजारच्या लाल पुडीला केवळ कुंकू म्हटल्याने ती कुंकू होत नाही.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना भोर तालुक्यात शिवरे हे गाव लागते. या टापूत यात्रेच्या रात्री तमाशाचा फड उभा राहावा आणि गॅसबत्तीच्या उजेडात नाच्याने गालावर लाली चढवावी, ही जुनी रीत. आज याच रस्त्याच्या बाजूने लग्नसराईत मंगल कार्यालये गजबजतात, आणि शिवऱ्यासारख्या गावच्या मुलीलाही बोहल्यावर चढण्यापूर्वी तीन तास खुर्चीवर बसून मुखाचे शिल्प करून घ्यावे लागते. यात गैर काय, असे कोणी विचारील. रंगाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पांढरेपणाबद्दल. सावळ्या मुलीच्या तोंडावर प्रथम तिच्या वर्णाहून तीन-चार छटा उजळ असा लेप थापावयाचा, म्हणजे तिच्या चेहऱ्यातील निसर्गाने दिलेला छायाप्रकाश पुसला जातो, आणि मग त्या सपाट भिंतीवर तपकिरी पट्टे ओढून गेलेला आकार परत आणावयाचा! सशाने करावयाचे ते आधी करून घ्यावयाचे आणि मग त्याची भरपाई करावयाची, असा हा दुहेरी खर्च आहे. सावळ्या त्वचेवर प्रकाशाची रेघ अधिक खुलते. 'महाराष्ट्र श्री'सारख्या स्पर्धांतील शरीरसौष्ठवपटूंना विचारा. प्रखर दिव्यांखाली गोरे अंग सपाट दिसते म्हणून ते सर्वांगास मुद्दाम काळपट तपकिरी रंग व त्यावर तेल लावून मंचावर येतात, तेव्हा कोठे स्नायूंची वीण दिसते. ज्या घरातला मुलगा बक्षिसासाठी काळा होतो त्याच घरातली मुलगी लग्नासाठी गोरी केली जाते. नाट्यशास्त्रात रंगांच्या मिश्रणांचा जो क्रम दिला आहे त्यात गौर वर्ण तांबडा व पिवळा मिळून होतो. पांढऱ्याचा त्यात लेशही नाही. गोरेपणा विकणाऱ्या एका प्रसिद्ध मलमाने १९७५ पासून मिरविलेले आपले नाव २०२० साली बदलले. खोलीच्या आतले, 'मुलगी जरा काळीच आहे' हे बोलणे अद्याप बदललेले दिसत नाही.

लग्न जुळविण्यासाठी धाडावयाच्या छायाचित्राचाही येथे विचार केला पाहिजे. रंगाने बारीक केलेले नाक चार फुटांवर, दिवसाच्या उजेडात, ओसरीवर बसलेल्या माणसांपुढे जाड दिसणारच. मग तोंडावरचे बोलणे ऐकून घ्यावे लागते ते त्या मुलीला. छायाचित्र रंगवून घेणारे वडीलधारे तेव्हा चहाचे पेले मोजत असतात. अशा छायाचित्रापुरता तरी हा हात आखडता घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. समारंभाची गोष्ट निराळी. तेथे सगळ्यांना ठाऊक असते की आज सजावट आहे.

ज्यांना हे हौसेने करावयाचे असेल त्यांनी आपल्या त्वचेहून एक-दोन छटाच गडद असा, चमक नसलेला तपकिरी रंग घ्यावा. आरशापुढे बसण्यापूर्वी खिडकीशी उभे राहून आपल्या चेहऱ्यावर सावली मुळात कोठे पडते ते पाहावे आणि तीच थोडी दाट करावी. नसलेल्या ठिकाणी नवी सावली आणू नये. गळ्याखालच्या हाडांवर उजाळा द्यावयाचा तर हाडाच्या माथ्यावर बारीक रेघ, खळग्यात हलकी छटा, आणि दोन्हींच्या सीमा बोटाने इतक्या पुसाव्यात की कोणास रेघ म्हणता येऊ नये. सकाळच्या लग्नाला सकाळच्याच उजेडात, रात्रीच्या स्वागतसमारंभाला दिव्याखाली रंग तपासावा. नवा रंग दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून खाज अथवा पुरळ येत नाही ना ते पाहावे. आणि पाहुणे उठेपर्यंत मध्यरात्र झाली तरी तसेच झोपू नये. जुने नट खोबरेल तेलाने रंग सोडवीत. तेल बोटांनी चोळून रंग सुटला की मऊ जुन्या सुती कापडाने टिपावा, मग कोमट पाण्याने तोंड धुवावे. कानामागे आणि केसांच्या कडेला तो हटकून राहून जातो.