आमची पद्मिनी दम खाते

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "अजून चालते का हो?" आणि दुसरा, "विकायची आहे का?" पहिल्यात कौतुक असते, दुसऱ्यात कीव. 1997 पासून माझ्या फाटकाशी उभी असलेली प्रीमियर पद्मिनी या दोन्ही प्रश्नांना सरावलेली आहे. मी मात्र 2025 च्या उन्हाळ्यात दुसऱ्या प्रश्नाला "हो" म्हणण्याच्या अगदी बेतात आलो होतो. ते कसे टळले आणि टळता टळता मला काय कळले, ते आज सांगावेसे वाटते.

इंदूरकरांना मोटारींचे कौतुक नवे नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटार घेऊन तिची वरची बांधणी लंडनच्या कारागिरांकडून करवून घेतली होती. तिच्या गोष्टी आमच्या पिढीने आजोबांच्या तोंडून ऐकल्या. आमची मोटार त्या कुळातली नव्हे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने जी 'इलेव्हन हंड्रेड' तयार होई, तीच 1974 पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. चार सिलिंडर, 1089 सी.सी. आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेला. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी, तेव्हा ती दारात यायची. 1983 च्या अखेरीस मारुती आली आणि पद्मिनीचे दिवस फिरले. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. जन्म कुर्ल्याचा, आणि आज तिच्यासाठी एखादा दुर्मिळ सुटा भाग हवा असला तर तोही कुर्ल्याच्याच जुन्या बाजारात शोधावा लागतो. याला माहेरची ओढ म्हणावे की दैवगती, कोण जाणे.

माझी गाडी 1985 ची. ती मी एका निवृत्त प्राध्यापकांकडून घेतली. किल्लीबरोबर त्यांनी लाल पुठ्ठ्याची एक वही दिली आणि म्हणाले, "गाडी जपली नाहीत तरी चालेल, वही जपा." आत बारीक अक्षरात प्रत्येक दुरुस्ती लिहिलेली होती: तारीख, किलोमीटर, काय बिघडले, काय बदलले, किती खर्च आला. मी ती प्रथा पुढे चालवली. प्लग बदलले की लिहावे, पॉइंट घासले की लिहावे, ब्रेकचे रबर बदलले की लिहावे. वही कंटाळवाणी दिसते खरी, पण जुनी मोटार चालवणे म्हणजे तिच्या आजारपणाचा इतिहास पाठ असणे. डॉक्टर जसा आधी "याआधी काय झाले होते?" असे विचारतो, तसेच.

तर 2025 चा मे महिना. अहिल्यादेवींच्या जन्माला त्या 31 तारखेला तीनशे वर्षे पूर्ण होणार होती. आईने धोशा लावला की महेश्वरला जायचे, तेही गर्दी होण्याआधी आणि आपल्याच गाडीने. आईचे वय 83. तिच्या माहेरच्या दोन पिढ्या होळकरांच्या पदरी होत्या, त्यामुळे महेश्वर हे तिच्या लेखी तीर्थही आणि माहेरही. पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला, "बाबा, टॅक्सी करा." मी टॅक्सी केली नाही. महूवरून जाम गेटचा घाट उतरलो, मंडलेश्वरवरून महेश्वरला पोहोचलो. घाटावर बसून आईने नर्मदा डोळे भरून पाहिली, वाड्यातल्या गादीला हात जोडले, आणि लुगडी विणणाऱ्या मागांची खटखट ऐकत ती बराच वेळ उभी राहिली. इथवर सारे छान झाले.

परतताना पुढे घाट चढायचा म्हणून मी पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली. निमाडचे ऊन, दुपारचे दोन. घाट अर्धाअधिक चढलो असू, तोच पद्मिनीने दोन आचके दिले, खोकली, आणि थांबली.

मोटार बंद पडण्याची कारणे शेकडो असली तरी विचारायचे प्रश्न थोडेच असतात. ठिणगी आहे का? पेट्रोल आहे का? हवा आहे का? मी प्लगची वायर काढून ठिणगी पाहिली, ती चांगली निळी होती. मग कार्बोरेटरला येणारी नळी सोडवून सौ.ला सेल्फ मारायला सांगितले. नळी कोरडी! म्हणजे पेट्रोलच वर येत नव्हते. अशा उन्हात नळीत पेट्रोलची वाफ होते आणि एसी पंपाला ती ओढता येत नाही, हे जुन्या गाडीवाल्यांना ठाऊक असते. त्यावरचा उपाय म्हणून मी पंपावर ओले फडके गुंडाळले. आई झाडाखाली छत्री धरून बसली होती. तिचा चेहरा लाल झालेला पाहून माझ्या पोटात गोळा आला. पण ती माझीच समजूत घालत होती. "अरे, तिचेही वय झाले आहे. तिला जरा दम खाऊ दे."

अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली. दोन वळणांनी पुन्हा बंद. असे तीनदा झाले. आठ वाजता घरी पोहोचलो, तेव्हा आईला अंगात कणकण होती. त्या रात्री मी ठरवले की आता पुरे. जुन्या वस्तूवरचे प्रेम ठीक आहे, पण त्याची किंमत 83 वर्षांच्या माणसाने का मोजावी? त्यातून पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावे लागणारे नोंदणीचे नूतनीकरण याच वर्षी आले होते. त्याची फी एप्रिल 2022 मध्ये 600 ची 5000 झाली होती. तेव्हा फी भरायची की गाडी मोडीत काढायची, हा निर्णय आता लांबवता येणार नव्हता.

विकण्याआधी निदान चालती करावी म्हणून गावातल्या एका झकपक वर्कशॉपमध्ये ती नेली. मी घाटातली सगळी हकीकत सांगू लागलो; तिथल्या तरुण साहेबांनी "पाहतो" म्हणून हाताने थांबवले. चार दिवसांनी बिल आले. कॉइल नवी, कंडेन्सर नवा, चारी प्लग नवे, पंप नवा, रबराच्या नळ्या नव्या. नळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पण ठिणगी निळी होती हे मी सांगत असताना कॉइल का बदलली? पुढच्याच रविवारी टाकी भरून मानपूरच्या बाजूला गेलो, आणि पद्मिनीने पुन्हा आचके दिले. वर्कशॉपचे उत्तर तयार होते: "आता इंजिन खोलावे लागेल."

महू नाक्याच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत. फियाटवर त्यांचे आयुष्य गेले. आता नातू स्कूटर दुरुस्त करतो आणि चाचा बाकावर बसून असतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडले नाही. चहा मागवला आणि विचारीत बसले. शहरात बंद पडते का? नाही. टाकी अर्धी असताना? कधीच नाही. भरल्यावर? हो, दोन्ही वेळा. थांबल्यावर आपोआप सुरू होते? होते. मग ते उठून गाडीच्या मागे गेले, टाकीच्या झाकणावर बोट ठेवले आणि म्हणाले, "ढक्कन कब बदला?"

मी वही उघडली. वहीत झाकणाची नोंद नव्हती. झाकण बदलणे ही काय दुरुस्ती? पण आठवले. फेब्रुवारीत बदलले होते.

चाचांनी समजावले ते असे. पंप टाकीतून जितके पेट्रोल ओढतो, तितकी हवा बाहेरून टाकीत यावी लागते. नाही आली तर आत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. जुन्या झाकणाला त्यासाठी सुईच्या अग्राएवढे भोक होते. नव्या झाकणाला कुलूप होते, पण भोक नव्हते. हवेची दुसरी वाट असलीच तर तीही चाळीस वर्षांच्या मातीने बुजलेली. टाकी अर्धी असली की आतल्या हवेवर निभते. काठोकाठ भरली की आत हवा उरतच नाही, आणि चढावर पेट्रोल जास्त लागते. अर्धा तास थांबले की कुठून तरी थोडी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा धावते. मी ओल्या फडक्याचा गुण समजत होतो, पण गुण मुख्यतः त्या अर्ध्या तासाचा होता. "इंजिन को कुछ नहीं हुआ बाबूजी," चाचा म्हणाले, "टंकी को साँस नहीं मिल रही थी." आईने घाटात जे निदान केले होते, ते इतके शब्दशः खरे ठरेल असे कोणाला वाटले असते? चाचांनी पैसे घेतले नाहीत. जुने झाकण माझ्या डिकीतच पडले होते.

आता त्या कुलुपाची गोष्ट. फेब्रुवारीत एका सकाळी पेट्रोलचा काटा मला वाजवीपेक्षा खाली दिसला. रोज गाडी पुसायला गल्लीतला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा येई. मी मनाशी जे काय समजायचे ते समजलो. त्याला उघड काही बोललो नाही; फक्त उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले, आणि कुलपाचे झाकण आणले.

चाचांकडून आल्यावर रात्री मी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. 1991 च्या एका पानावर प्राध्यापकांनी लिहून ठेवले होते की पेट्रोलचा काटा भरवशाचा नाही, टाकीत पट्टी घालून पाहावे. हे पान मी पूर्वी वाचले असणार. सकाळी पट्टी घातली. काट्याने दाखवले त्याहून पेट्रोल बरेच जास्त होते.

जुलैत नूतनीकरणाचे पैसे भरले. कार्तिकात आई पुन्हा महेश्वरला आली, आणि परतताना भरल्या टाकीने घाट चढलो. गाडी थांबली नाही. त्याच झाडापाशी आईनेच ती थांबवायला लावली आणि डबा उघडून आम्हांला दशम्या वाढल्या.

मुलाकडे जायला मला त्याआधी बरेच दिवस लागले. तो आता एका मोबाइलच्या दुकानात काम करतो. सगळे सांगितले: काटा, कुलूप, घाट. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"काका, वो काँटा तो शुरू से ही झूठा है," तो म्हणाला. "मुझे मालूम था."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"आपने पूछा कहाँ था?"

घरी येऊन वही काढली. तारीख घातली, किलोमीटर लिहिले, आणि पुढे लिहिले: टाकीचे झाकण, जुनेच पुन्हा बसवले. खर्चाच्या रकान्यात काय लिहावे हे मात्र सुचले नाही. तो अजून कोराच आहे.