सेल लाइन: नाव जठराचं, पेशी कुणाच्या?

जठराच्या कर्करोगात कोणती जनुकं जोरात काम करतात आणि कोणती गप्प होतात, हे बहुधा आधी सेल लाइनवर तपासतात. रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवल्या जाणाऱ्या या पेशी. त्यांच्याबद्दलचे काही गैरसमज संशोधकांनाही महागात पडले आहेत.

गैरसमज: फ्लास्कवर ‘जठर’ लिहिलंय, म्हणजे पेशी जठराच्याच.
वस्तुस्थिती: चीनमध्ये खूप वापरल्या गेलेल्या एसजीसी-७९०१ आणि बीजीसी-८२३ या पेशी डीएनए तपासणीत हेला निघाल्या; म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून वाढवलेल्या. तुलनेसाठी ‘निरोगी’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या जीईएस-१ ची तीच गत. म्हणून प्रयोगाआधी एसटीआर या डीएनए चाचणीने पेशींची ओळख पटवून घ्यावी लागते.

गैरसमज: कोणतीही एक सेल लाइन पुरते.
वस्तुस्थिती: २०१४ साली २९५ गाठींच्या अभ्यासातून या कर्करोगाचे चार जनुकीय प्रकार पुढे आले. सेल लाइनही तशाच वेगवेगळ्या. एनसीआय-एन८७ मध्ये हर-२ जनुकाच्या प्रती बेसुमार आहेत, काटो-३ मध्ये एफजीएफआर-२ च्या. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एजीएसमध्ये तर पॅराइन्फ्लुएन्झा-५ विषाणूचा संसर्ग असल्याचं २००७ मध्ये उघड झालं. हा विषाणू पेशीतलं स्टॅट-१ प्रथिन नष्ट करतो. मग इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी संदेश देणारं प्रथिन देऊनही त्याच्या इशाऱ्यावर चालणारी जनुकं जागी होत नाहीत, आणि दोष कर्करोगाच्या माथी मारला जातो.

गैरसमज: जनुक जास्त व्यक्त झालं, म्हणजे तेच कारण.
वस्तुस्थिती: आरटी-पीसीआर ही चाचणी फक्त एमआरएनए, म्हणजे जनुकाची संदेशप्रत, मोजते. प्रथिन तेवढंच वाढेल असं नाही. ते वेस्टर्न ब्लॉटने वेगळं पाहावं लागतं. कारण ठरवायचं तर ते जनुक बंद करून पेशींचं वागणं बदलतं का, हे तपासावं लागतं.

गैरसमज: फ्लास्कमध्ये पेशी मेल्या, म्हणजे औषध सापडलं.
वस्तुस्थिती: फ्लास्कमध्ये रक्तवाहिन्या नाहीत, प्रतिकारपेशी नाहीत, जठरातलं आम्लही नाही. हर-२ रोखणाऱ्या ट्रास्टुझुमॅबचा खरा कस २०१० च्या ‘टोगा’ चाचणीत रुग्णांवरच लागला: केमोथेरपीच्या जोडीला ते दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं.

सेल लाइन निरुपयोगी नाहीत. एखादं जनुक पेशीत नेमकं काय करतं, हे त्यांच्याइतकं सोप्या रीतीने दाखवणारं साधन क्वचितच मिळेल. फक्त निष्कर्ष वाचताना पेशी कोणत्या, ओळख तपासली का आणि किती सेल लाइनवर तेच दिसलं, एवढं विचारावं.