लॉगऑन रखडतो कुठे?

डोमेन कंट्रोलर : वापरकर्त्याचे नाव-पासवर्ड तपासणारा सर्व्हर. त्यामागची ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज 2000 पासूनची.

डीएनएस : पहिली तपासणी इथेच करावी. डोमेन कंट्रोलर कुठे आहे, हे संगणक डीएनएसला विचारतो. सेटिंगमध्ये कार्यालयाच्या डीएनएसऐवजी 8.8.8.8 सारखा सार्वजनिक पत्ता असेल, तर उत्तर मिळत नाही आणि लॉगऑन ताटकळतो. दुय्यम डीएनएस म्हणूनही बाहेरचा पत्ता नको.

घड्याळ : कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवण्याची पद्धत) पडताळणीत संगणक आणि डोमेन कंट्रोलर यांच्या घड्याळांत मूळ सेटिंगनुसार 5 मिनिटांपर्यंतचा फरक चालतो.

रोमिंग प्रोफाइल : बदललेल्या फायली लॉगऑनच्या वेळी सर्व्हरवरून उतरतात, डेस्कटॉपवर ठेवलेले जड व्हिडिओसुद्धा. त्याऐवजी फोल्डर रिडायरेक्शन वापरले, तर फायली सर्व्हरवरच राहतात.

ग्रुप पॉलिसी, स्क्रिप्ट : काढून टाकलेल्या सर्व्हरवरचे प्रिंटर आणि ड्राइव्ह जोडण्याचा प्रयत्न बराच वेळ खातो.

दोष कोणाचा? एकाच व्यक्तीला प्रत्येक संगणकावर उशीर : बहुधा प्रोफाइल. एकाच संगणकावर सगळ्यांना उशीर : तो संगणक, त्याची केबल किंवा डीएनएस सेटिंग.

नोंद कुठे? इव्हेंट व्ह्यूअरमधील ग्रुप पॉलिसीच्या ऑपरेशनल लॉगमध्ये पॉलिसीच्या कोणत्या टप्प्याला किती वेळ लागला, ते दिसते.