माणसांचं वैविध्य : काय वाचाल, कुठे शोधाल?

- शाखा : शारीरिक मानववंशशास्त्रात हाडं, रक्तगट, जनुकं, सांस्कृतिक शाखेत नातीगोती, चालीरीती, समजुती.
- साम्य : कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा.
- मुंबईतला आरंभ : अँथ्रपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे, १८८६.
- पायाभूत पुस्तकं : त्रिं. ना. आत्रे, ‘गावगाडा’ (१९१५), गो. स. घुर्ये, ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ (१९३२). इरावती कर्वे, ‘मराठी लोकांची संस्कृती’ (१९५१).
- ग्रंथालयं : एशियाटिक सोसायटी, टाउन हॉल, फोर्ट (स्थापना १८०४), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, दादर (१८९८).
- कपाटापाशी : ड्यूई दशांश पद्धत असेल तर पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी पाहा. ३०५ – समाजगट, ३९० – चालीरीती, ३९८ – लोकसाहित्य, ५९९.९ – शारीरिक मानववंशशास्त्र.