नैराश्याच्या गोळ्या आणि गांजा

नैराश्याची किंवा चिंताविकाराची गोळी मेंदूतील ज्या भागांवर काम करते, त्याच भागांवर गांजातील द्रव्येही काम करतात. त्यांची विल्हेवाट लावणारी यकृतातील यंत्रणाही बऱ्याच अंशी एकच असते. त्यामुळे गोळ्या सुरू असताना गांजा, चरस किंवा भांग घेतली, तर गुंगी वाढते, छाती धडधडते, क्वचित गोळीचे रक्तातील प्रमाणही बदलते. पण रुग्णाचे सर्वांत मोठे नुकसान होते ते याहून साध्या कारणाने. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना गांजाची माहितीच नसते, आणि गांजामुळे आलेली लक्षणे आजाराची समजून औषध वाढवले किंवा बदलले जाते.

गोळ्या आणि गांजा हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येणे दुर्मीळ नाही. नवी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ वयोगटातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी आदल्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काहीतरी घेतले होते. दुसरीकडे, निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ५ टक्के प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचे दिसले होते. नागपूर तर ओडिशा आणि आंध्रातून रेल्वेने व रस्त्याने येणाऱ्या गांजाच्या वाटेवरच पडते. शहराच्या दक्षिणेला, वर्धा रोडच्या रेल्वेरुळांपलीकडे पसरलेल्या मनीषनगर आणि बेसा या वस्त्यांत शिकायला आलेली आणि मिहान या औद्योगिक प्रकल्पात नोकरीला लागलेली तरुण मुले घरापासून दूर, भाड्याच्या खोल्यांत राहतात. झोप न लागणे, एकटेपणा, परीक्षेचे किंवा नोकरीचे टेन्शन यांवर कोणी डॉक्टरकडून गोळी घेतो, कोणी मित्राने पुढे केलेला झुरका मारतो, आणि कोणी दोन्ही करतो. हे नागपूरचे किंवा या दोन वस्त्यांचे वैशिष्ट्य नव्हे. पुण्याच्या किंवा मुंबईच्या कोणत्याही उपनगरात हेच दिसेल.

गांजा आणि मानसिक आजार यांचा संबंध काय, हा प्रश्न नागपूरला नवा नाही. येथील मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. त्या काळी देशभरातील वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णाच्या कागदावर वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ असे सर्रास लिहिले जाई. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भांग-गांजा आयोग नेमला. तेव्हाच्या मध्य प्रांतात खांडव्याच्या परिसरात सरकारी परवान्याने गांजाची लागवड होत असे, आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. आयोगाने इस्पितळांतील नोंदी एकेक करून पुन्हा तपासल्या. १८९२ मध्ये ज्या २२२ रुग्णांचे वेड गांजा-भांगेमुळे आल्याचे नोंदले होते, त्यांपैकी निम्म्याहून कमी रुग्णांच्या बाबतीत तसे म्हणायला आधार सापडला. रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाला किंवा कारकुनाला रकाना भरायचा असे, आणि गांजा हे हाताशी असलेले उत्तर होते. आज नेमकी उलटी चूक होते. आता बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर गांजाचा उल्लेखच नसतो, कारण रुग्ण सांगत नाही आणि गर्दीत डॉक्टरही विचारत नाहीत. दोन्ही चुकांची किंमत रुग्णच मोजतो.

गांजाच्या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट द्रव्ये असतात. त्यांपैकी दोन महत्त्वाची आहेत. नशा येते ती टीएचसीमुळे. हे द्रव्य इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये वेगळे करून त्याची रचना ठरवली. दुसरे द्रव्य सीबीडी. त्याने नशा येत नाही. मादीझाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, त्यांची राळ म्हणजे चरस, आणि पाने वाटून केली जाते ती भांग. टीएचसी मेंदूतील ज्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) जाऊन चिकटते, ते भीती, भूक, झोप, स्मृती आणि वेदना यांचे नियमन करणाऱ्या भागांत दाट असतात. थोड्या मात्रेत टीएचसीने मन सैलावते. मात्रा वाढली की तेच द्रव्य घबराट, संशय आणि धडधड निर्माण करते. बाजारातल्या पुडीत टीएचसी किती आहे हे ओढणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे ‘थोडी मात्रा’ कोणती हे आधी ठरवता येत नाही. पॅनिक अटॅकचा त्रास असलेल्या माणसासाठी ही अनिश्चिततासुद्धा धोक्याचीच.

भारतात नैराश्य आणि चिंतेसाठी सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांत एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन आणि पॅरॉक्सेटीन यांचा समावेश होतो. ही एकाच गटातली औषधे आहेत. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत काहींची बेचैनी उलट वाढते. नेमका याच काळात रुग्ण गांजाकडे वळण्याची शक्यता अधिक, कारण गोळी काही करत नाही असे त्याला वाटत असते आणि झुरक्याचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. या गटाच्या गोळ्यांबरोबर गांजा घेतल्याने तत्काळ जीवघेणे काही घडल्याची उदाहरणे विरळ आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भीती घालण्यासाठी धोका फुगवला, तर ज्याने दोन्ही घेऊन पाहिले आहे तो पुढचे काहीच ऐकत नाही.

खरी काळजी करण्यासारख्या जोड्या वेगळ्या आहेत. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, इटिझोलाम या चिंता शमवणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या गोळ्या मेंदूचे काम मंदावतात, गांजाही मंदावतो. दोन्ही एकत्र आले की गुंगी, तोल जाणे, आठवणीत खंड पडणे हे परिणाम एकमेकांत मिसळून वाढतात. त्यात दारूची भर पडली तर श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. रात्री अशा अवस्थेत वर्धा रोडवर दुचाकी काढणे म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही जिवाशी खेळ आहे. मिर्टाझापीनसारख्या झोपेकडे झुकणाऱ्या गोळीलाही हेच लागू पडते.

दुसरी जोडी अ‍ॅमिट्रिप्टिलीन, नॉरट्रिप्टिलीन या जुन्या गटाची. ही औषधे नैराश्याखेरीज मायग्रेन, जुनाट अंगदुखी आणि नसांच्या वेदनेसाठीही देतात, त्यामुळे आपण मेंदूवर काम करणारी गोळी घेतो हे अनेकांच्या गावीही नसते. ती स्वतःच हृदयाचे ठोके वाढवतात, गांजाही वाढवतो. दोन्ही घेतल्यावर ठोके फार जलद झाल्याच्या आणि भ्रम झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. हृदयविकार असलेल्यांनी आणि उतारवयातील रुग्णांनी ही जोडी पूर्णपणे टाळलेली बरी.

यकृतात औषधे पचवणारी विकरे (एन्झाइम) म्हणजे गोळ्या आणि गांजा यांच्या परस्परपरिणामाचा दुसरा रस्ता. सीबीडीची मात्रा मोठी असली की ते यांतील काही विकरांचे काम रोखून धरते. अपस्मारासाठी शुद्ध सीबीडी दिल्यावर क्लोबाझाम या गोळीपासून बनणाऱ्या क्रियाशील द्रव्याचे रक्तातील प्रमाण सुमारे तिप्पट झाल्याचे आढळले आहे. सिटालोप्रॅमचे प्रमाणही सीबीडीमुळे वाढल्याचे एका छोट्या चाचणीत दिसले. आपल्याकडे ‘विजया’ या नावाने आयुर्वेदिक तेले आणि गोळ्या मिळतात. औषधी नियमांच्या ई-१ अनुसूचीनुसार त्या वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. घरपोच मागवलेल्या अशा तेलाचा उल्लेख रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे करत नाही, कारण ते ‘आयुर्वेदिक’ आहे. धूर ओढण्याचा परिणाम उलट्या दिशेने होतो. तंबाखूचा किंवा गांजाचा धूर यकृतातील एका विकराला चेतवतो, त्यामुळे ओलान्झापीन, क्लोझापीन आणि काही प्रमाणात डुलॉक्सेटीन ही औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात. तंबाखू मिसळून रोज ओढणाऱ्याने एकदम सोडले, की गोळीची तीच मात्रा त्याला जास्त होऊ शकते. सोडणे चांगलेच, पण डॉक्टरांना सांगून.

भांगेची गोष्ट निराळी आहे. गांजाचा धूर काही मिनिटांत चढतो. पोटात गेलेल्या भांगेला अर्धा ते दोन तास लागतात, आणि यकृतात टीएचसीपासून आणखी तीव्र द्रव्य तयार होते. होळीला किंवा महाशिवरात्रीला ‘काहीच झाले नाही’ म्हणून थंडाईचा दुसरा ग्लास घेतला जातो तो इथेच. पुढचे सहा-आठ तास मग हातात राहत नाहीत. एरवी वर्षभर व्यवस्थित असलेला, क्लोनाझेपामवरचा रुग्ण सणाच्या एका दिवशी इस्पितळात पोहोचतो तो बहुधा असा. सण आला म्हणून गोळी चुकवणे हा त्यावरचा उपाय नाही. पॅरॉक्सेटीन किंवा व्हेन्लाफॅक्सिन अचानक थांबवले की एक-दोन दिवसांतच चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके आणि चिडचिड सुरू होऊ शकते. रोजची अल्प्राझोलाम एकदम बंद केली तर फिटही येऊ शकते. ‘आज घ्यायचे आहे, म्हणून गोळी नको’ हा हिशेब दोन्हीकडून तोट्याचा.

नैराश्यावर गांजाचा उपयोग होतो का, याचे उत्तर आजच्या पुराव्यावर तरी ‘नाही’ असेच आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त ८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, नैराश्य किंवा चिंताविकारावर गांजातील द्रव्ये गुणकारी असल्याचा पुरेसा आधार त्यात मिळाला नाही. त्याच वर्षी ‘जामा सायकिअ‍ॅट्री’तील आढाव्यात, किशोरवयात गांजा घेणाऱ्यांमध्ये पुढे नैराश्याची शक्यता सुमारे १.४ पट आणि आत्महत्येच्या विचारांची शक्यता १.५ पट दिसली. यावरून गांजामुळेच नैराश्य येते असे सिद्ध होत नाही. आधीच खचलेला मुलगा गांजाकडे लवकर ओढला जातो, हेही खरे. मात्र घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकार असेल, तर गांजापासून लांब राहण्याचे कारण पक्के आहे. अशा व्यक्तीत नैराश्याची गोळी आणि गांजा दोन्ही मिळून मन उन्मादाकडे झुकवू शकतात.

रोज ओढणाऱ्याच्या मेंदूतील संबंधित ग्राही कमी होतात, म्हणून तेवढ्याच परिणामासाठी जास्त गांजा लागतो. थांबवल्यावर एक ते तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी, भूक मंदावणे, झोप उडणे, विचित्र स्पष्ट स्वप्ने पडणे सुरू होते. पहिल्या आठवड्यात त्रास कळसाला पोहोचतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. ही यादी नैराश्याच्या लक्षणांशी किती जुळते ते पाहावे. शनिवार-रविवार ओढून सोमवार-मंगळवारी खचणारा रुग्ण ‘गोळी लागू पडत नाही’ असे सांगतो, आणि त्यावर मात्रा दुप्पट होते. गांजा थांबवल्यानंतर चार आठवड्यांनी औषधाचे मूल्यमापन केले, तर चित्र बरेच स्पष्ट होते. गांजाच्या सवयीवर मान्यताप्राप्त असे एकही औषध नाही. उपचार आहे तो समुपदेशनाचा, आणि झोपेसाठी थोडे दिवस दिलेल्या आधाराचा.

न सांगण्यामागे पोलिसांची भीती असते, आणि ती निराधार नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस येतात. सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या पानांची भांग या कायद्याबाहेर आहे, तरी महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे निर्बंध तिलाही आहेत. पण याच १९८५ च्या कायद्याचे कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनातून उद्भवलेल्या मानसिक स्थितीला आजार मानले आहे, आणि कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट आई-वडिलांपर्यंत पोहोचेल, ही भीती तरुण रुग्णाला पोलिसांपेक्षाही मोठी वाटते. ही गोपनीयता घरच्यांनाही लागू आहे, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले तर पुढचे संभाषण सोपे होते.

सांगायचे ते नेमके सांगावे: गांजा की भांग, ओढून की खाऊन, आठवड्यातून किती वेळा, शेवटचे कधी, तंबाखू किंवा दारूसोबत का, आणि कोणते तेल किंवा चूर्ण सुरू आहे का. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानमधील एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय येथे मनोविकारांवर उपचार होतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतही चालते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे. जीव देण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळात जावे किंवा १४४१६ वर बोलावे. छातीत दुखणे, ठोके न थांबणे, हाक मारूनही जाग न येणे, श्वास मंदावणे, ताप येऊन अंग ताठरणे, आवाज ऐकू येणे यांपैकी काही दिसले, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, बेशुद्ध व्यक्तीला कुशीवर झोपवावे, आणि गोळ्यांची पाकिटे सोबत घेऊन काय घेतले व किती वाजता घेतले हे आपत्कालीन विभागात सांगावे.