४ फुटांच्या वरची हवा

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं मराठवाड्यातला गहू-हरभरा आडवा केला. भरदुपारी आभाळात एवढं काही शिजत असताना खाली कुणाला ते आधी कळतं का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेत गेलो.

सकाळची नोंद स्थानिक सूर्यवेळेनं सातची, म्हणजे आपल्या घड्याळात ७ वाजून २३ मिनिटांची. निरीक्षकांनी जमिनीपासून ४ फुटांवरच्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीचं उत्तरेकडचं दार उघडलं, श्वास आवरला आणि आधी दशांश वाचला, मग पूर्ण अंश. माणूस नुसता जवळ उभा राहिला तरी पारा हलतो. शेजारच्या तापमापकाला ओली मलमल गुंडाळलेली. कोरड्या आणि ओल्या पाऱ्यातल्या फरकावरून तक्त्यात आर्द्रता पाहायची.

"आणि वरची हवा?"

"आपलं काम ४ फुटांपस्तोर. वरचं वरच्यांना विचारा."

वरचं सांगणारं एक यंत्र पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेनं महाबळेश्वरच्या ढग-प्रयोगशाळेत लावलं होतं, मायक्रोवेव्ह रेडिओमीटर. रडारसारखं ते काही सोडत नाही, नुसतं ऐकतं. हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प आपणहून क्षीण लहरी टाकत असतात. ऑक्सिजनच्या ६० गिगाहर्ट्झच्या आसपास. त्याचं हवेतलं प्रमाण ठरलेलं, म्हणून लहरींच्या जोरावरून तापमान निघतं. बाष्पाच्या २२च्या आसपास. १० किलोमीटरपर्यंतचा आलेख दर काही मिनिटांनी हाती. वरची हवा मोजणारा हवामान खात्याचा फुगा सुटतो पहाटे आणि संध्याकाळी; गारांचा ढग बहुधा मधल्या वेळात वाढतो.

अर्थात या यंत्राचा आकडा थेट मोजलेला नसतो. लहरींवरून तो गणितानं काढायचा, आणि ते गणित बसवलेलं असतं फुग्यांच्याच जुन्या नोंदींवर. पहिले दोनेक किलोमीटर बरे दिसतात, वरचे थर एकमेकांत मिसळतात. झाकणावर पावसाचं पाणी साचलं की आकडे बिघडतात. अधूनमधून उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन आणून त्याचं माप तपासावं लागतं ते वेगळंच.

तरीही ते मराठवाड्यात हवं, असं माझं मत. ४ फुटांवर कितीही निगुतीनं पाहिलं तरी वरचा ढग कळत नाही. हे निरीक्षकांना सांगितलं, तर त्यांनी दर आठवड्याला मलमल बदलणाऱ्या माणसाचाच प्रश्न विचारला, "झाकण रोज कोण पुसणार?" नायट्रोजनचं मात्र त्यांना काहीच वाटलं नाही.

"त्यो गुरांच्या दवाखान्यात असतोय की. रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतेत."