एकवीसचा डाव : नवशिक्यासाठी संभाव्यतेचा एक पाठ

संभाव्यताशास्त्राच्या अभ्यासकास ‘ब्लॅकजॅक’ अथवा एकवीस हा पत्त्यांचा खेळ एका विशेष कारणाने उद्‌बोधक वाटतो. हा खेळ अनुभवाने शिकता येत नाही. तो गणितानेच शिकावा लागतो. असे का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम नियम पाहू. राजा, राणी, गुलाम व दश्शी यांचे मूल्य प्रत्येकी १०. एक्क्याचे १ अथवा ११. इतर पत्त्यांचे अंकाप्रमाणे. खेळाडूस दोन पत्ते मिळतात व डीलरचा एक पत्ता उघडा असतो. बेरीज २१ च्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा अधिक करणे, हे खेळाडूचे उद्दिष्ट होय. डीलरला मात्र निवड नाही : १६ वा त्याहून कमी बेरीज असता त्याने पत्ता घेतलाच पाहिजे, १७ होताच थांबलेच पाहिजे. पहिल्याच दोन पत्त्यांत २१ झाल्यास खेळाडूस पैजेच्या दीडपट मिळतात. एका कॅटमध्ये याची संभाव्यता १२८/२६५२, म्हणजे शेकडा ४.८ आहे.

मग डीलरचेच अनुकरण केले तर? खेळ बरोबरीचा होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तसे होत नाही. खेळाडूला आधी खेळावे लागते, आणि दोघांचीही बेरीज २१ ओलांडणार असेल तेव्हा पैज डीलरकडेच जाते. शंभरांतील सुमारे २८ डावांत डीलर फुटतो. म्हणून दोघेही फुटण्याचे प्रमाण ०.२८ × ०.२८, म्हणजे शेकडा आठाच्या जवळपास. दीडपटीचा लाभ यातून वजा केला तरी शेकडा साडेपाचाच्या आसपास तोटा उरतो.

हा तोटा कमी होतो तो डीलरचा उघडा पत्ता पाहून निर्णय बदलल्याने. समजा, खेळाडूचे १६ झाले आहेत व त्यांत एक्का नाही. आणखी पत्ता घेतल्यास तेरापैकी आठ प्रकारचे पत्ते त्याला बुडवितात. डीलरकडे छक्का असेल, तर तो स्वतःच शंभरात सुमारे ४२ वेळा फुटतो, तेव्हा थांबावे. डीलरकडे दश्शी असेल, तर तो क्वचितच फुटतो. तेव्हा धोका पत्करूनही पत्ता घेणे किंचित कमी तोट्याचे ठरते. एक्क्याविना असलेल्या बेरजेसाठी सर्वसाधारण नियम असा : डीलरचा पत्ता सात ते एक्का असता १७ होईपर्यंत घ्यावे, चार ते सहा असता १२ वर थांबावे, दोन वा तीन असता १३ वर. एक्क्यांची व अठ्ठ्यांची जोडी फोडावी, दहांची फोडू नये.

१९५६ साली बॉल्डविन, कॅन्टी, मेझेल व मॅकडरमॉट या अमेरिकी सैन्यातील चौघांनी मेजावरील साध्या गणनयंत्रांच्या साहाय्याने अशी संपूर्ण पद्धती सिद्ध केली व खेळाडूचा तोटा शेकडा ०.६२ इतकाच काढला. पुढे एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर गणित अधिक काटेकोर केले. फाशांना स्मृती नसते. पण कॅटमधून गेलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. या भेदाच्या आधारे गेलेल्या पत्त्यांची मोजदाद ठेवून खेळाडूस अनुकूल क्षण हेरता येतात, हे त्यांनी १९६१ व १९६२ साली दाखवून दिले. नवशिक्याने मात्र या मोजदादीच्या मोहात पडण्यापूर्वी मूळ पद्धती आत्मसात केली पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. समजा, उत्तम पद्धतीने खेळूनही तोटा शेकडा अर्धा आहे. शंभर रुपयांच्या पैजेचे साठ डाव खेळल्यास अपेक्षित तोटा अवघा ३० रुपये. परंतु एका डावाचे प्रमाण विचलन पैजेच्या सुमारे १.१५ पट असल्यामुळे साठ डावांचे विचलन ८९० रुपयांच्या घरात जाते. तीस रुपयांचे सत्य नऊशेंच्या चढउतारांत बुडून जाते. अपेक्षित तोटा विचलनाच्या बरोबरीस येण्यास सुमारे ५३,००० डाव लागतील.

म्हणूनच चुकीचे खेळूनही एखादा संध्याकाळी जिंकून उठतो, आणि बिनचूक खेळणारा हरतो. नशिबावरचा विश्वास या अंतरातच पोसला जातो. लहान नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे तत्त्व आपण वर्गात शिकवितो. या मेजावर त्याची किंमत रोख मोजावी लागते. जो नवशिका हे जाणतो, तो पत्ते हाती घेण्यापूर्वी कागद व पेन्सिल हाती घेईल, आणि गणित पुरे झाल्यावर कदाचित पैज लावणारही नाही.